नळी आणि दस्ता

तंजावरच्या जुन्या कोटाच्या पूर्वेकडील तटावर एक उंचवटा आहे. तेथील लोक त्याला ‘पीरंगी मेडु’ म्हणतात. पीरंगी म्हणजे तोफ. ‘फिरंगी’ या मराठीला परिचित असलेल्या शब्दाचेच हे तमिळ वळण. या उंचवट्यावर एक प्रचंड लोखंडी तोफ ठेवलेली आहे. तिची लांबी साडेसात मीटर असून वजन सुमारे २२ टन भरते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत ती घडविली गेली, असे मानतात. ती ओतीव नव्हे. ४३ लांब लोखंडी पट्ट्या उभ्या मांडून आतली पोकळी सिद्ध केलेली आहे आणि त्यांवर ९४ लोखंडी कडी तापवून, ठोकून बसविलेली आहेत. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवावी, त्याच न्यायाने. फक्त येथे चाक नाही आणि धावा ९४ आहेत. जवळ जाऊन पाहिले, तर प्रत्येक कड्याची कडा, प्रत्येक सांधा आणि घणाचा प्रत्येक घाव आजही मोजता येतो.

म्हणजे ही तोफ घडविली गेली, परंतु घोटली गेली नाही. तिला त्याची आवश्यकताही नव्हती. तटावर बसून रस्त्याकडे तोंड करून राहणे हेच जिचे काम, तिच्या अंगावर कानस फिरविण्यात कोणी आयुष्य घालवावे? मात्र हीच विद्या लहान होऊन माणसाच्या खांद्यावर आली, म्हणजे तटावरच्या तोफेऐवजी हातातली बंदूक झाली, की सारा हिशेब पालटतो. ती बंदूक गालाजवळ धरावयाची असते. तिच्या नळीतला स्फोट डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतो. तिचा दस्ता पावसात, उन्हात, घामाने भिजलेल्या हातात राहतो. तेथे घडणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे काम म्हणजे घोटणे, जुळविणे, रापविणे आणि पाजणे. या उरलेल्या निम्म्या कामाविषयी इतिहासाच्या पुस्तकांत फारसे आढळत नाही. तलवारीची पाती आणि तोफांची नावे बखरकारांनी लिहून ठेवली. दस्त्याला तेल कोणी पाजले, हे कोण लिहिणार?

ज्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, तिला मराठीत ‘ठासणीची बंदूक’ असे अन्वर्थक नाव आहे. तिच्या अंगोपांगांची नावेही अशीच घरगुती. नळी, दस्ता, गज, चाप, घोडा; नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असलेला बारीक उंचवटा म्हणजे ‘माशी’; बत्ती द्यावयाचे छिद्र म्हणजे ‘कान’; त्या कानाशी ठेवावयाची चिमूटभर दारू म्हणजे ‘रंजक’; आणि पेटती वात म्हणजे ‘तोडा’ किंवा ‘जामगी’. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले, त्या वेळी त्यांच्याबरोबर कावेरीकाठी जी मराठी गेली, तीत हे सर्व शब्द होतेच. पुढे १८५५पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. या काळात त्या कोटाने वेढे पाहिले. १७५८मध्ये फ्रेंच सेनापती लाली कोटापुढे येऊन परत गेला. १७७३मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या साहाय्याने कोट घेतला आणि १७७६मध्ये तो तुळजाराजांना परत मिळाला. अशा राज्यास बंदुकांची वाण असून भागत नव्हते. राजवाड्याच्या आवारातील एक उंच, अनेक मजली मनोरा ‘आयुध गोपुर’ म्हणूनच ओळखला जातो.

बंदूक घडविण्याचा पहिला भाग लोहाराचा. तो थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. लोखंडाची पट्टी तापवून एका गजाभोवती गुंडाळीत जावयाची; कधी लांबीच्या दिशेने, कधी साप वेटोळे घालतो तशी. सांध्यावर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून लोखंड पांढरे होईपर्यंत तापवावयाचे आणि सांधा एकजीव होईपर्यंत ठोकावयाचे. सांध्यात एखाद्या ठिकाणी मळी राहिली, तर ती त्या दिवशी दिसत नाही. ती दिसते पुढे केव्हातरी, बार उडताना. आणि त्या वेळी पाहणाऱ्याचे डोळे शाबूत असतीलच, असे नाही. त्यामुळे लोहाराच्या हातून नळी बाहेर पडली, की तिच्या अंतरंगाची परीक्षा सुरू होते. नळी सजविण्याचे काम या परीक्षेपासून वेगळे काढता येत नाही. जुन्या कारागिरांनी ते कधी वेगळे मानलेही नसावे.

प्रथम नळी आतून कोरली जाते. लांब गजाच्या टोकाला पोलादी धार बसवून तो गज नळीतून फिरवीत नेतात आणि आतला खडबडीतपणा खरवडून काढतात. त्यानंतर सरळपणा. हे काम डोळ्याचे आहे, यंत्राचे नव्हे. नळी उजेडाकडे धरून तिच्या एका तोंडातून पाहिले, तर आतल्या चकाकीवर छायेची एक रेषा पडते. नळी सरळ असेल, तर रेषा सरळ. नळी जेथे वाकली असेल, तेथे रेषाही वाकते. रेषा जेथे बिघडली, तेवढ्याच ठिकाणी, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून, बेताचा एक ठोका. पुन्हा उजेड, पुन्हा रेषा, पुन्हा ठोका. युरोपातील मोठ्या कारखान्यांत यंत्रे आल्यानंतरही दीर्घकाळ नळी सरळ करणाऱ्या माणसाची जागा स्वतंत्र होती आणि त्याला मान होता.

यानंतर येते घोटाई. गजाच्या टोकाशी नळीच्या आतच शिसे ओतून त्याचा गट्टू करावयाचा, म्हणजे तो पोकळीच्या मापाचा तंतोतंत होतो. त्याला तेल आणि कुरुंदाची पूड लावून तो शेकडो वेळा पुढेमागे ओढावयाचा. येथे तंजावरच्या कारागिराचे भाग्य थोर होते. कुरुंद हा दगड हिऱ्याच्या खालोखाल कठीण. आणि तो जवळच्या सेलम आणि कोइंबतूर भागांत सापडतो. साऱ्या जगातील खनिजशास्त्रज्ञ आज या दगडाला जे नाव देतात, ते ‘कोरंडम’ हे नाव तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेले आहे. हाच दगड कुटून, लाखेत मिसळून, त्याची चाके करीत आणि शिकलगार त्यांवर पाती घाशीत. ज्या वस्तूसाठी इतर देशांतील कारागिरांना व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागे, ती येथे बैलाच्या पाठीवरून येत असे.

नळी आतून इतकी गुळगुळीत का हवी? केवळ गोळी सुरळीत जावी म्हणून नव्हे. काळी दारू जळाली, म्हणजे तिचा सगळा धूर होतो, असा समज आहे. वस्तुतः तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे राहतो; काही धुरात उडतो, काही नळीच्या भिंतींना चिकटतो. हा मळ हवेतील ओलावा ओढून घेतो आणि लोखंड खाऊ लागतो. नळीत जेथे ओरखडा असेल, तेथे तो ठाण मांडून बसतो. कावेरीच्या मुखाकडील सपाट, पाणथळ मुलखात, जेथे वर्षाच्या पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळतो, तेथे हा शत्रू किती बलवान असेल, याची कल्पना करता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारू वरचेवर उन्हात वाळवावी, असे बजावले आहे. दारू सह्याद्रीत सर्द होते, तर तंजावरात काय होत असेल!

नळीचे तोंड हा आणखी एक नाजूक भाग. बाहेर पडणारी गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तोंडाशी. तेथील कडा एका बाजूला केसभर जरी अधिक झिजली, तरी गोळी त्या बाजूचा वारा घेऊन जाते. शिवाय ठासणीच्या बंदुकीत गज याच तोंडातून शेकडो वेळा आतबाहेर होतो. म्हणून तोंडाची कडा आतून किंचित गोलावून घोटावी लागते. दक्षिणेतील कारागीर बाहेरून या तोंडाला पुष्कळदा वाघाचा जबडा कोरीत. पाहणाऱ्याची दृष्टी त्या जबड्यावर खिळते. नेमबाजाची दृष्टी जबड्याच्या आतल्या कडेवर असते.

मग परीक्षेचा बार. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७मध्ये सनद मिळाली, आणि तेथे नळ्यांवर परीक्षेचा शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. बर्मिंगहॅमला असे परीक्षागृह १८१३मध्ये कायद्याने स्थापन झाले. जेथे शिक्का नव्हता, तेथेही शहाणा माणूस नवी नळी ओंडक्याला बांधून, स्वतः आडोशाला उभा राहून, नेहमीपेक्षा जड बार उडविल्याखेरीज ती खांद्याला लावीत नसे. हा बार झाल्यावरच नळीवर अखेरचा हात फिरवावयाचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण दाब बसला, की झाकलेली भेग उघडी पडते. आधी सुंदर करून मग परीक्षा घेणे म्हणजे भेगेवर रोगण चढविणे होय.

आता बाहेरचे अंग. नळी अठपैलू करावयाची असेल, तर कानशीने आठ पैलू काढावे लागतात आणि ते बुडापासून टोकापर्यंत समान रीतीने निमुळते करीत न्यावे लागतात. लांबून पाहता हे सोपे दिसते. परंतु कानस हातात आडवी हलते, तशी पैलूची पाठ गोल होते. आणि एकदा गोल झालेला पैलू सपाट करताना शेजारचा पैलू बारीक होतो. कानशीच्या खुणा दगडाने, दगडाच्या खुणा कुरुंदाच्या पुडीने, आणि त्या पुडीच्या खुणा आणखी बारीक पुडीने काढीत जावयाच्या.

येथे कारागिरापुढे दोन वाटा असत. पहिली, नळी लखलखीत ठेवण्याची. दुसरी, तिला रंग आणण्याची. ज्या नळीत निरनिराळ्या जातींचे लोखंड आणि पोलाद पीळ देऊन एकत्र केलेले असे, तिच्यावर हिराकशीचे पाणी चोळले, की दोहोंवर त्याचा परिणाम निरनिराळा होतो आणि गुळगुळीत पृष्ठावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वाहत्या पाण्यासारखी नक्षी उमटते. ही नक्षी कोणी कोरलेली नसते. ती धातूच्या पोटात असते, पाणी फक्त ती वर आणते. तमिळ मुलखातील ‘उरुक्कु’ हे पोलाद याच गुणासाठी प्रसिद्ध होते. युरोपीय लोक त्याला ‘वूट्झ’ म्हणत. १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, आणि १८२०च्या सुमारास मायकेल फॅरडेने त्याचे गूढ उकलण्यासाठी प्रयोग केले. ज्या शास्त्रज्ञाच्या नावाशी वीज जोडली गेली, त्याने तारुण्यातील कित्येक महिने दक्षिण हिंदुस्थानच्या पोलादापुढे घालविले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रंग आणण्याची दुसरी रीत विलक्षण आहे. तीत गंजालाच कामाला लावतात. नळीची दोन्ही तोंडे लाकडी बुचांनी बंद करावयाची. तीच बुचे पुढे धरण्याच्या मुठी होतात, कारण या पुढे नळीला उघड्या बोटाचा स्पर्शही वर्ज्य. चुन्याने तिच्यावरील तेलाचा अंश घालवावयाचा. मग हिराकस, मोरचूद, थोडे तेजाब असे काही पाण्यात कालवून त्याचा पातळ हात फिरवून नळी दमट जागी टांगून ठेवावयाची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस गंजाची मऊ लव आलेली असते. ती तारेच्या कुंचल्याने झाडून पुन्हा हात फिरवावयाचा. असे आठ-दहा दिवस. गंजाचा सैल भाग झडतो आणि घट्ट भाग राहतो. थरावर थर बसत खोल तपकिरी रंग येतो. शेवटी कढत पाण्याने ती धुतली, की उरलेसुरले क्षार निघून जातात, गंजाची वाढ थांबते आणि वर मेणाचा हात दिला, की तो रंग कायम होतो. अशी नळी उन्हात चमकत नाही, म्हणून शिकाऱ्याला ती प्रिय. इंग्रज पायदळाच्या बंदुका अठराव्या शतकात लखलखीत घाशीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याही तपकिरी झाल्या. ज्या दमट हवेला तंजावरचा शस्त्रागारप्रमुख शिव्या देत असेल, तीच हवा या कामात मजूर होऊन राबते.

नळीविषयी इतके सांगितल्यावर दस्त्याकडे वळावयास हवे, आणि दस्त्याबरोबर तंजावरातील दुसऱ्याच एका आळीकडे. या नगरीची वीणा सर्वश्रुत आहे. ती फणसाच्या लाकडाची असते. एकाच ओंडक्यातून भोपळा, दांडी आणि शिरोभाग कोरून काढलेली ‘एकांड वीणा’ सर्वांत श्रेष्ठ मानली जाते. २४ अचल पडद्यांच्या आजच्या वीणेचे श्रेय परंपरा ज्याला देते, तो रघुनाथ नायकच. म्हणजे ज्याच्या काळात तटावरची ती तोफ चढली, तोच राजा. एकाच दरबारात लोखंड आणि फणस दोन्ही घडत होते. फणसाचे लाकूड कापल्यावर पिवळेधमक असते आणि वर्षे उलटतात तसतसे ते तपकिरी होत जाते. ते हलके, न फाटणारे आणि वाळवीला सहसा न बधणारे. जड बंदुकीसाठी शिसव अधिक चांगला. तो वजनदार, काळपट आणि धक्का पेलणारा. युरोपात आणि काश्मिरात या कामी अक्रोड वापरतात. परंतु लाकूड कोणतेही असो, त्याच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात, हा पहिला प्रश्न. दस्त्याची मान, म्हणजे मुठीत धरावयाचा बारीक भाग, येथे रेषा लांबीने गेल्या पाहिजेत. तेथे त्या आडव्या तुटल्या, तर दस्ता एक दिवस तेथेच मोडणार. पुष्कळदा सर्वांत सुंदर नागमोडी रेषांचा तुकडा याच कारणासाठी बाजूला ठेवावा लागतो. मोह आवरत नसेल, तर ते सौंदर्य दस्त्याच्या बुडाकडे न्यावे. तेथे ते निरुपद्रवी असते.

लाकूड मुरण्यास वेळ लागतो. जाडीच्या प्रत्येक इंचास एक वर्ष, असा सुतारांचा जुना अदमास आहे. ओंडक्याची टोके मेणाने लिंपून तो सावलीत ठेवतात, कारण टोके आधी वाळली, की लाकूड तडकते. अशा मुरलेल्या लाकडात नळीसाठी पन्हळ कोरावयाची. या कामाला जी युक्ती वापरतात, ती पाहण्यासारखी आहे. नळीला दिव्याचे काजळ आणि तेल लावून ती पन्हळीत टेकवावयाची आणि उचलावयाची. लाकडाचा जो भाग उंच राहिला असेल, तेथे काळा डाग उमटतो. तेवढाच डाग पटाशीने खरवडावयाचा; पुन्हा काजळ, पुन्हा टेकविणे. शेवटी सगळी पन्हळ एकसारखी काळी झाली, की नळी लाकडात सर्वत्र टेकली, असे समजावे. विशेषतः नळीचे बूड मागच्या लाकडाला चपखल भिडले पाहिजे. तेथे पोकळी राहिली, तर प्रत्येक बाराचा धक्का घणासारखा त्या लाकडावर आदळतो आणि दस्ता मानेपासून चिरत जातो. देशी बंदुकांत नळी आणि दस्ता स्क्रूने जखडण्याऐवजी पितळेच्या किंवा चांदीच्या पट्ट्यांनी, तारेने वा चामड्याच्या वाद्यांनी बांधीत असत. काही इंग्रज लेखकांनी याला ओबडधोबडपणा म्हटले आहे. परंतु पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या लाकडाला बांधणी थोडी जागा देते, स्क्रू देत नाही, याचाही विचार त्यांनी करावयास हवा होता.

आकारही प्रदेशागणिक निराळा. उत्तरेकडील तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ आणि सडपातळ. कोडगू-मलबाराकडे तो आखूड आणि खाली वळलेला. अठराव्या शतकापासून युरोपीय चकमकीच्या बंदुका दक्षिणेत पसरल्या, तसे दस्तेही त्यांच्या वळणाचे होऊ लागले.

घासण्याचे काम लाकडातही धातूइतकेच चिवट. रंध्यानंतर पोलादाच्या पात्याने किंवा काचेच्या फुटक्या तुकड्याने लाकूड खरवडतात. त्यानंतर खरवतीच्या खरखरीत पानांनी किंवा मुशीच्या वाळलेल्या कातड्याने घासतात. काचकागद येण्यापूर्वी सुतारांचा काचकागद हाच. इथवर लाकूड हाताला रेशमासारखे लागते आणि नवखा माणूस काम संपले असे समजतो. जाणता मात्र ओले फडके त्यावरून फिरवून ते निखाऱ्यांच्या उबेला धरतो. क्षणात त्या गुळगुळीत पृष्ठावर बारीक केस उभे राहतात. ते कापून पुन्हा पाणी, पुन्हा ऊब. तीन-चार वेळा असे केल्यावर केस उठेनासे होतात. हे आधी केले नाही, तर पहिल्या पावसात तो दस्ता आपोआप खरखरीत होतो.

अखेर तेल. येथे एक मोठी चूक होण्याचा संभव असतो आणि ती घरोघर झालेली दिसते. सगळी तेले सारखी नव्हेत. खोबरेल कधीच सुकत नाही, तिळाचे तेल अर्धवट सुकून चिकट राहते आणि त्यावर धूळ बसून काळी पुटे चढतात. अळशीचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत त्याचे कवच बनते. कावेरीच्या खोऱ्यात तीळ विपुल. अळशी ही नागपूर-वऱ्हाडाकडची. मुरदाडशिंग घालून कढविलेले अळशीचे तेल लवकर सुकते. ते बोटाने, अगदी थोडे, तळहाताच्या उष्णतेने जिरवीत लावावयाचे. जाड थर दिला, तर वर साय धरते आणि आत ओले राहते. दोन हातांमध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात आणि दमट हवेत ते दिवस वाढतात. कोणी चंद्रुसाचे किंवा लाखेचे रोगण चढवीत. त्याला झळाळी अधिक, परंतु एक ओरखडा पडला, की तो कायमचा दिसतो. तेलाच्या दस्त्यावरचा ओरखडा नव्या तेलात मिटून जातो. आणि जो भाग कोणी कधी पाहणार नाही, ती नळीखालची पन्हळ, तीही तेल आणि मेण पाजून बंद करावी लागते. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडा राहिलेला दस्ता एका बाजूने पाणी पितो, वाकतो आणि आपल्याबरोबर नळीलाही ओढतो.

१७९९च्या तहानंतर सरफोजीराजांची सत्ता कोट आणि त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली. राजा विद्याव्यासंगी, त्याचा लौकिक ग्रंथालयासाठी, देवनागरी छापखान्यासाठी, वैद्यकासाठी. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३मध्ये भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख त्यानेच कोरविला. आता शस्त्रागारातील बंदुकांना लढाई उरली नव्हती; मिरवणूक, शिकार आणि खंडेनवमीची पूजा एवढेच त्यांचे आयुष्य झाले. १८५५मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९मध्ये तेथे निकाल लागला, की हे राज्यकर्त्याचे कृत्य असून त्यात न्यायालयास हात घालता येत नाही.

शस्त्रागाराचे पुढे काय झाले, याची हकीकत मद्रास इलाख्यात अधिकारी असलेल्या वॉलहाउसने १८७८च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त लिहून ठेवली आहे. निवडक हत्यारे मद्रासच्या सरकारी संग्रहालयाकडे गेली आणि उरलेल्या ढिगांतील पुष्कळशी मोडून लोखंडाच्या भावाने विकली गेली. नळीचे लोखंड भंगारात विकता येते. दस्त्याला तोही भाव नव्हता. चिमटीने जिरविलेले ते तेल आणि काजळाने जुळविलेल्या त्या पन्हळी कोणाच्या चुलीत गेल्या असतील, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. त्याच १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, विकणे आणि बनविणे गुन्हा ठरले. नव्या मागच्या बाजूने भरावयाच्या बंदुकांपुढे ठासणीचे गिऱ्हाईक आधीच रोडावले होते. कायद्याने उरलेसुरले मिटविले.

जी थोडी हत्यारे जुन्या घराण्यांत राहिली, त्यांच्यावर दुसरेच संकट आले, आणि ते प्रेमाचे आहे. वर्षातून एकदा, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, आजोबांच्या आजोबांची नळी खाली काढतात आणि चिंच व विटकरीच्या चुऱ्याने घासून लखलखीत करतात. आठ-दहा दिवस खपून आणलेला तपकिरी रंग, हिराकशीने उमटविलेली पाण्याची नक्षी, कानशीने राखलेल्या पैलूंच्या धारा, सारे त्या भक्तीत वाहून जाते. नंतर दस्त्याला तिळाचे तेल चोळतात. नळीतून एखादा पन्नास वर्षांपूर्वी भरून विसरलेला बार अद्याप आत आहे की नाही, हेही पुष्कळदा कोणी पाहिलेले नसते. वास्तविक गज आत घालून बाहेरची लांबी त्याच्याशी ताडून पाहिली, तर ते क्षणात कळते. अशा वस्तूला हवे असते ते एवढेच: कोरडे मऊ फडके, लोखंडावर मेणाचा पातळ हात, आणि भिंतीपासून थोडे अंतर.

ठासणीची बंदूक अजून पुरती नाहीशी झालेली नाही. कोकणात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेतीच्या रक्षणासाठी परवान्याने ती बाळगणारे शेतकरी आहेत, आणि निवडणुका आल्या, की त्यांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. कोडगूत तर तेथील लोकांना परवान्यातून सूट असून ‘कैलपोदु’ या सणाला घरोघर बंदुकीची पूजा होते. तंजावरात मात्र नळी घोटणारे हात उरले नाहीत.

दस्त्याचे लाकूड मात्र तेथे अजून कोरले जाते. वीणा करणाऱ्यांच्या अंगणात फणसाचे ओंडके सावलीला मुरत पडलेले असतात. पटाशीने भोपळ्याचे पोट पोखरले जाते, आणि दांडीवर पडदे बसविण्याची वेळ आली, की कारागीर मेण वितळवून त्यात कोळशाची पूड कालवितो. त्या काळ्या मेणात तो पितळेचे चोवीस पडदे एकेक करून रोवतो, तार छेडून पाहतो, आणि स्वर जरा चढा लागला, तर मेण ऊन करून पडदा केसभर सरकवितो. उन्हाळ्यात हे मेण ढिले पडते आणि तेव्हा वीणा पुन्हा त्याच्याकडे येते.